उसना नंबर

दिवाळी अंकात काय असावे याचे काही संकेत ठरून गेले आहेत. दोन-तीन विनोदी कथा, एखादी रहस्यकथा, थोडी व्यंगचित्रे आणि शेवटी राशिभविष्य, एवढे झाले की फराळाच्या ताटाशेजारी ठेवायला अंक सिद्ध होतो. त्यात मालमोटारवाल्यांच्या ओळख-क्रमांकाचा विषय घेऊन मी घुसतो आहे, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या पाटावर टायर आणून ठेवण्यासारखेच हे झाले. पण ज्या ताटातली करंजी आपण खाता आहात तिच्यातले खोबरे, रवा आणि साखर हे सारे कोणाच्या तरी ट्रकमधूनच आपल्या घरी आले. तो ट्रक कोणाच्या नावावर चालत होता, हा प्रश्न वर्षातून एकदा, सणाच्या दिवशी, विचारायला हरकत नसावी.

प्रथम माझा परिचय देतो, म्हणजे माझ्या बोलण्यात स्वार्थ किती आणि परमार्थ किती हे वाचकांना ठरवता येईल. इचलकरंजीत एका ट्रान्सपोर्टच्या पेढीवर मी चौतीस वर्षे दिवाणजी होतो. १९०४ साली जिथे पहिला यंत्रमाग बसला, त्या या गावात कापडाच्या गाठी आणि त्या नेणाऱ्या गाड्या यांवाचून दुसरा आवाज मी आयुष्यात फारसा ऐकलेला नाही. बिल्टी लिहिणे, भाडे ठरवणे, गाडीवाल्याची बाकी काढणे आणि ती शक्य तितकी उशिरा देणे, ही माझी कामे. प्रत्येक गाडीमागे दिवाणजीला जी चिरीमिरी मिळते, तिला आमच्या धंद्यात 'मुन्शियाना' असे भारदस्त नाव आहे. तो मुन्शियाना मी चौतीस वर्षे घेतला. हे आधीच सांगून टाकलेले बरे. कारण पुढे मी ज्यांच्यावर टीका करणार आहे, त्यांच्यात पहिला माणूस मीच आहे.

आता विषय. २०१७ च्या १ जुलैला देशात वस्तू व सेवा कर आला. मुंबईची जकात त्याच दिवशी गेली. इतर शहरांतली आधीच गेली होती. नाक्यावर रात्र रात्र गाड्या उभ्या राहत, ते बंद झाले. मग २०१८ च्या १ एप्रिलपासून परराज्यात जाणाऱ्या मालासाठी ई-वे बिल आले. पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल निघाला की त्याची माहिती सरकारच्या संगणकात आधी भरायची. त्या बिलाचे दोन भाग असतात. 'अ' भागात माल कोणाचा, कोणाकडे चालला, किती किमतीचा, हे असते. 'ब' भागात तो कोणत्या गाडीतून चालला हे असते. मधे एक खण असतो. माल नेणारा कोण?

या खणात भरायला जो क्रमांक लागतो, त्यावर हा लेख आहे. ज्या वाहतूकदाराने वस्तू व सेवा कराखाली नोंदणी केली आहे, त्याचा तोच पंधरा खणांचा क्रमांक चालतो. पण लहान वाहतूकदारांपैकी पुष्कळांना अशी नोंदणी करणे सक्तीचे नाही, कारण त्यांच्या भाड्यावरचा कर भाडे देणाराच परस्पर सरकारात भरतो. अशांनी काय करायचे? त्यांच्यासाठी कायद्यात वेगळी नावनोंदणी ठेवली आहे. एक फॉर्म भरायचा, पॅन आणि आधार द्यायचा, पत्त्याचा आणि ओळखीचा कागद जोडायचा. की संगणक पंधरा खणांचा एक क्रमांक देतो. सरकार याची दमडी घेत नाही. याला बोलीभाषेत 'ट्रान्सपोर्टर आयडी' म्हणतात. आमच्या गावात नुसते 'नंबर' म्हणतात.

आता कोणी विचारील, क्रमांक फुकट मिळतो, घरबसल्या मिळतो, मग भांडण कसले? भांडण हे की ज्यांच्यासाठी ही सोय केली त्यांतले कितीतरी लोक तो क्रमांक घेतच नाहीत. ते दुसऱ्याच्या क्रमांकावर गाडी चालवतात. गाडी याची, डिझेल याचे, टायर याचे, घाटातली रात्र याची. आणि 'माल नेणारा कोण' या प्रश्नाला सरकारी दप्तरात उत्तर मात्र पेढीचे. या प्रकाराला मी उसना नंबर म्हणतो. आणि माझे म्हणणे असे आहे की, आपल्याकडे उसनी साखर, उसने ताक आणि उसनी शिडी यांवर संसार चालतात, परंतु उसन्या नावावर धंदा चालत नाही. तो फक्त दुसऱ्याचा चालतो.

हे शहाणपण मला कसे आले ते सांगतो.

माझा मेहुणा, म्हणजे आमच्या सौ.चा धाकटा भाऊ, एका ट्रकचा मालक आहे. स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. क्लीनर परवडला तर असतो. पेढीवर मीच त्याला लावला. ई-वे बिले सुरू झाली तेव्हा तो एकदा मला म्हणाला, "दाजी, माझा पण एक नंबर काढून द्या की. ऑफिसातल्या पोराला येतंय म्हणं सगळं."

मी त्याला उत्तर दिले ते अजून माझ्या कानात आहे. मी म्हणालो, "अरे, एका गाडीला कसला नंबर काढतोस? नंबर काढलास की सरकार मागे लागलं. शेठजींचा नंबर आहेच. तू आपली गाडी चालव."

तो म्हणाला, "तसं तर तसं. उगाच कुटाणा नको." आणि विषय संपला.

वाचकहो, त्या दिवशी मी खोटे बोललो असे नाही. त्याहून वाईट गोष्ट केली. मला माहीत नव्हते ते मी माहीत असल्यासारखे सांगितले. आणि मला माहीत करून घ्यायचे नव्हते, कारण गाडीवाल्याचा स्वतःचा नंबर झाला तर तो उद्या व्यापाऱ्याशी थेट बोलेल, आणि मग पेढीचे कमिशन आणि माझा मुन्शियाना यांचे काय, ही भीती माझ्या पोटात होती. मेहुणा झाला तरी तो गाडीवाला; आणि दाजी झालो तरी मी दिवाणजी.

२०२३ सालची दिवाळी. लक्ष्मीपूजन रविवारी, १२ नोव्हेंबरला होते. शुक्रवारी, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मेहुण्याने सुरतेसाठी कापड भरले. माल नऊ लाखांचा. ई-वे बिल पेढीच्या नंबरावर निघाले, 'ब' भागात त्याच्या गाडीचा क्रमांक पडला. भाऊबीजेला परत येतो, असे बहिणीला सांगून तो गेला. शनिवारी सकाळी पनवेल सोडल्यावर गिअरबॉक्स गेला. मेस्त्री म्हणाला, सामान पाडव्यानंतर. रस्त्याच्या कडेला बसून याने फोन फिरवले. रविवारी दुपारी आमच्याच गावची एक रिकामी गाडी वापीकडे निघालेली मिळाली. सणाच्या दिवशी दुप्पट हमाली देऊन त्याने गाठी त्या गाडीत चढवल्या.

आता नियम असा आहे की, माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेला तर, तो पुढे हलण्यापूर्वी, 'ब' भागात नव्या गाडीचा क्रमांक भरला पाहिजे. काम दोन मिनिटांचे. ज्याची नोंद आहे त्याला तेव्हा मोबाइलवरून एक संदेश पाठवूनही ते करता येई. पण नोंद होती पेढीची. याने पेढीवर फोन केला. पेढीवर लक्ष्मीपूजनाची तयारी चालली होती. मालकांच्या चिरंजीवांनी फोन उचलला आणि सांगितले, "संगणकाचा पोरगा गावाला गेलाय. जा तू बिनधास्त, दिवाळीत कोण बघतंय?" व्यापाऱ्यालाही तो बदल करता आला असता, पण बिलावरचा फोन दुकानाचा, आणि दुकानात त्या वेळी झेंडूच्या माळांशिवाय कोणी नव्हते. त्याने मला फोन केला. मी निवृत्त झालेलो. माझ्याकडे ना किल्ली, ना नंबर. मी म्हणालो, "उद्या बघू."

उद्या म्हणजे सोमवारी सकाळी महामार्गावर एका फिरत्या पथकाने ती गाडी थांबवली. कागदावर एक गाडी, रस्त्यावर दुसरी. त्या अधिकाऱ्याला दोष देणे मला जमत नाही. कागदाशी गाडी ताडून पाहण्यासाठीच त्याला तिथे उभे केले आहे. सरकारने २०१८ च्या सप्टेंबरात एक परिपत्रक काढून ठेवले आहे की, गाडीच्या क्रमांकात एक-दोन आकड्यांची चूक असेल तर माल अडकवू नये, एकूण १,००० रुपये दंड घेऊन सोडावे. म्हणजे आकडा चुकला तर क्षमा आहे. पण इथे अख्खी गाडीच वेगळी होती. तिला क्षमा कोणत्या खणात बसवायची?

२०२२ च्या १ जानेवारीपासून अशा वेळी मालकाने पुढे येऊन माल सोडवायचा तर कराच्या दुप्पट दंड आहे. कापडावर कर पाच टक्के, नऊ लाखांवर तो ४५,००० होतो, दंड ९०,०००. व्यापाऱ्याने तो भरला आणि पेढीकडून वसूल केला. पेढीने तो मेहुण्याच्या मागच्या खेपांच्या बाकीतून वळता केला. ज्याने आपल्या गाडीत माल घेतला त्या बिचाऱ्याची गाडी नऊ दिवस उभी राहिली. त्याला दिवसाला अडीच हजार याप्रमाणे साडेबावीस हजार याने आपल्या खिशातून दिले, कारण गावात तोंड दाखवायचे होते. ज्याच्या नंबरावर हे सारे घडले त्या पेढीला किती तोशीस लागली? चौतीस वर्षांचा हिशेबनीस म्हणून सांगतो, शून्य.

भाऊबीजेला आमच्या सौ.ने ताट तयार ठेवले होते. निरांजन दोनदा भरले. रात्री साडेदहाला तिने ते देवापुढे ठेवले आणि मला एकच प्रश्न विचारला, "अहो, गाडी त्याची, मग नंबर दुसऱ्याचा का?" चौतीस वर्षे ज्या धंद्यात काढली त्यातला इतका साधा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता.

असो. माझी कहाणी पुरे, आता वाद.

पहिला आक्षेप माझाच जुना. नंबर घेतला की कर मागे लागतो. हे साफ चूक आहे. वाहतूकदार म्हणून नावनोंदणी करणे वेगळे आणि करदाता म्हणून नोंदणी करणे वेगळे. नुसत्या नावनोंदणीने महिन्याचे विवरणपत्र भरावे लागत नाही. एक जबाबदारी मात्र येते: कोणाचा माल, कोठून कोठे नेला, कधी पोचवला, याची वही ठेवावी लागते. आता मला सांगा, जो माणूस रात्री दोन वाजता ढाब्यावर बसून डिझेल, टोल आणि चहा यांचा हिशेब सिगारेटच्या पाकिटावर मांडतो, त्याला वही जड आहे का? त्याला ती कोणी दिली नाही एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक धूर्त आहे, आणि तो पेढीवाले गाडीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात. नंबर घेतलास की जोखीम तुझ्यावर आली. आमच्या नंबरावर आहेस तोवर तू सुरक्षित. वा! नव्वद हजारांची सुरक्षितता आम्ही पाहिली. अहो, जोखीम गाडीवाल्यावर कालही होती आणि आजही आहे. कायदाच सांगतो की अडवायचा तर मालही अडवायचा आणि गाडीही. गाडीवाल्याला आपली गाडी तरी सोडवायची असेल तर दंडाची रक्कम किंवा एक लाख, यांतले कमी असेल ते भरा. जोखीम आहेच. नाही ते फक्त नाव. उसन्या नंबरात जोखीम याच्याकडे राहते आणि अधिकार त्यांच्याकडे जातो. लग्नात खर्च मुलीच्या बापाने करायचा आणि मान वरमायांनी घ्यायचा, अशातलीच ही व्यवस्था.

आणि अधिकार म्हणजे काही राजदंड नव्हे. वाटेत गाडी बदलली तर तिचा क्रमांक बदलणे, आणि खोळंबा झाला तर बिलाची मुदत वाढवून घेणे. ही मुदत आता दोनशे किलोमीटरना एक दिवस अशी असते, आणि संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच ती वाढवता येते. मध्यरात्री मुदत संपली तर सकाळी आठच्या आत कोणीतरी जागे असले पाहिजे. घाटात अडकलेला ड्रायव्हर जागाच असतो. झोपलेला असतो तो नंबर.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मेहुण्याचा स्वतःचा नंबर असता म्हणजे आपोआप सगळे निभावले असते असे नाही. पेढीने ते ई-वे बिल त्याच्या नंबरावर सोपवायला हवे होते. पण नियमांत ही तरतूद आहे. माल पाठवणारा किंवा पहिला वाहतूकदार, पुढच्या नोंदलेल्या वाहतूकदाराच्या नावे बिल सोपवू शकतो, म्हणजे पुढचे बदल तो करील. पेढ्या असे करीत नाहीत, कारण कोणी मागत नाही. आणि कोणी मागत नाही, कारण मागायला आधी स्वतःचा नंबर लागतो. हे कुलूप आतून उघडणारे आहे. बाहेरून कोणी कितीही ठोठावले तरी उपयोग नाही.

तिसरा आक्षेप आमच्या वयाच्या मंडळींचा, आणि तो दिवाळीच्या दिवसांत विशेष ऐकू येतो. पूर्वी बरे होते हो! शब्दावर माल जात होता. ना आकडे, ना संगणक. हुंडेकऱ्याने हो म्हटले की गाठ पोचली म्हणून समजा.

या गृहस्थांना मी विचारतो, शब्द कोणाचा? हुंडेकऱ्याचा. बैल हाकणाऱ्याचा शब्द कोणी ऐकला होता? मी बिल्ट्या लिहिल्या आहेत. आमच्या बिल्टीच्या पाठीवर बारीक टायपात छापलेले असे, 'माल मालकाच्या जोखमीवर'. पुढच्या बाजूला पेढीचे नाव गणपतीच्या चित्रासह, मागच्या बाजूला पेढीने झटकलेले हात. आणि ज्या ट्रकमधून माल गेला त्याच्या मालकाचे नाव? ते त्या कागदावर कोठेच नसे; फक्त गाडीचा क्रमांक. गेलेल्या काळाबद्दल हळहळ वाटणे हा म्हातारपणाचा हक्क आहे, पण त्या काळात ज्याचे नावच नव्हते त्याला त्याची हळहळ वाटायला लावणे हा अन्याय आहे. मालवाहतुकीचा १८६५ चा इंग्रजी अमदानीतला कायदा जाऊन २००७ चा नवा कायदा २०११ च्या मार्चपासून लागू झाला, त्यातही माल पत्करणाऱ्या वाहतूकदाराने नोंदणी करावी असेच म्हटले आहे. म्हणजे जबाबदारी घेणाऱ्याचे नाव हवे, ही गोष्ट संगणकाने शोधलेली नाही.

अमेरिकेतही पुष्कळ कामांसाठी वाहतूकदाराला सांकेतिक नाव लागते. दोन ते चार रोमन अक्षरे. त्यासाठी फी पडते आणि दर वर्षी ते नवे करून घ्यावे लागते. आपल्याकडे ते फुकट आहे. जी वस्तू फुकट मिळते तिची किंमत आपण शून्य धरतो, हा आपला राष्ट्रीय हिशेब.

आता सरकारकडे वळतो. नाहीतर वाचक म्हणतील, दिवाणजी सरकारचे दिवाण झाले.

२०२४ साली, उशिरा का होईना, मी आणि मेहुणा त्याचा नंबर काढायला बसलो. फॉर्म फुकट खरा. पण गावात तो भरून देणारे ५०० पासून २,००० पर्यंत घेतात. का घेणार नाहीत? मी पाहिला तो फॉर्म सगळा इंग्रजीत. ज्या राज्याने १९६४ साली राजभाषेचा कायदा करून मराठीला सिंहासनावर बसवले, तिथल्या गाडीवाल्याला स्वतःची ओळख सांगायला इंग्रजी लागते. ती खिडकी केंद्र सरकारची आहे, हे मला ठाऊक आहे. पण खिडकीसमोर उभा राहणारा इचलकरंजीचा आहे, हे कोणाला ठाऊक आहे का?

पुढे नाव. पॅनवर त्याच्या नावात जितके 'ए' आहेत, त्याहून एक जास्त आधारवर आहे. नाव पॅनप्रमाणेच भरले पाहिजे, नाहीतर संगणक मान हलवतो. मग विचारले, धंद्याचे मुख्य ठिकाण कोणते? मेहुणा माझ्याकडे बघून म्हणाला, "दाजी, माझं ठिकाण तर ड्रायव्हरच्या सीटवर. काय लिहायचं?" हसू नका, त्या प्रश्नात सारे आले. फॉर्म करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुकान होते, गोदाम होते, पाटी होती. चाकांवर राहणारा माणूस नव्हता. शेवटी सासूबाईंच्या घराचा पत्ता दिला. तर लाइटबिल सासऱ्यांच्या नावाचे, आणि सासरे जाऊन अकरा वर्षे झालेली. घरपट्टी शोधली तेव्हा कुठे काम झाले.

आणि सर्वांत मोठी गोष्ट मोबाइलची. फॉर्म भरून देणारे पुष्कळ वेळा स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकतात आणि परवलीचा शब्द स्वतःकडे ठेवतात. सोय म्हणून! १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या खिडकीत शिरताना परवलीच्या शब्दाबरोबर मोबाइलवर येणारा आकडाही सर्वांना सक्तीचा झाला. तो आकडा एजंटाच्या फोनवर येणार. म्हणजे पेढीच्या तावडीतून सुटला तो एजंटाच्या तावडीत गेला. नंबर स्वतःचा, किल्ली दुसऱ्याची; हाही उसना नंबरच. म्हणून कोणाचा नंबर काढून देत असाल तर मोबाइल त्याचाच घाला, आणि परवलीचा शब्द त्याच्याच हाताने लिहू द्या. दोन बोटांनी, अर्धा तास लागला तरी.

तेव्हा माझ्या तीन मागण्या आहेत. सरकारने हा फॉर्म मराठीत द्यावा आणि ठिकठिकाणच्या ट्रक-तळांवर वर्षातून चार दिवस एक माणूस बसवावा, जो पैसे न घेता तो भरून देईल. जे सरकार रस्त्यात गाडी थांबवायला माणूस उभा करू शकते, ते नंबर द्यायला एक माणूस बसवू शकत नाही, हे मला पटत नाही. पेढीवाल्यांनी ज्याच्या गाडीत माल चढतो त्याच्या नंबरावर बिल सोपवावे. कमिशन घ्या, पण नाव घेऊ नका. आणि गाडीवाल्यांनी, माझ्यासारख्या दाजींचे ऐकू नये.

घरच्या वाचकांकडेही एक मागणे आहे. तुमच्या नात्यात, आळीत, कुठेतरी एखादा छोटा टेम्पोवाला किंवा ट्रकवाला असेलच. तुमच्या मुलांना इंग्रजी येते, संगणक येतो, आणि दिवाळीची सुट्टी आहे. किल्ला करून झाला की त्यांना एक दिवस त्या काकांपाशी बसवा. फॉर्म भरायला तास-दीड तास लागतो. त्यात मुलांना कळेल की बापाच्या नावाचे लाइटबिल आणि घरपट्टी यांत काय फरक असतो. शाळेत हे शिकवत नाहीत.

त्या संध्याकाळी संगणकाने मेहुण्याला त्याचा क्रमांक दिला. सुरुवातीला २७, म्हणजे महाराष्ट्र. मग त्याचा पॅन. मी त्याला दाखवले की पॅनमधले पाचवे अक्षर म्हणजे आडनावाचे पहिले अक्षर असते. तेव्हा या पंधरा खणांत एक खण आपल्या घराचा आहे. तो बराच वेळ त्या अक्षराकडे पाहत राहिला. मग त्याने खिशातून डायरी काढली आणि तो क्रमांक स्वतःच्या हाताने उतरवून घेतला. सौ. आतून कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि तिने त्या पानाला बोट लावले. मी म्हणालो, "अगं, हे काय चोपडीपूजन आहे?"

ती म्हणाली, "मग दुसरं काय आहे?"

मला उत्तर सुचले नाही. चौतीस लक्ष्मीपूजनांना मी पेढीच्या चोपडीला कुंकू लावले. त्यांतल्या एकाही चोपडीत गाडीवाल्याचे नाव त्याच्या हाताने लिहिलेले नव्हते.

परवा त्याने पहिल्यांदा एका व्यापाऱ्याचा माल थेट आपल्या नंबरावर नेला. भाडे कमी नव्हते, जास्तही नव्हते. पण वाटेत एका ढाब्यावरून त्याने मला रात्री फोन केला. मी घाबरून विचारले, "काय झालं रे? गाडी बंद पडली?"

तो म्हणाला, "नाही दाजी. गाडी बरी हाय. नंबर जवळ हाय, म्हणून सांगावं वाटलं."

यंदाच्या भाऊबीजेला तो वेळेवर येणार आहे. न आला, तर निदान त्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली म्हणून आला नाही, असे होणार नाही. निरांजनात तेल जास्त घालून ठेवायला मी सौ.ला सांगितले आहे.